वॅट नंतर, आधी सोफा कुठे आहे ते सांग

वाद पेटला तो खोक्यावरच्या आकड्यावरून. पक्याला हॉलसाठी एव्ही रिसीव्हर घ्यायचाय, म्हणजे टीव्ही-सिनेमाचा आवाज सगळ्या स्पीकरना वाटून देणारा अँप्लिफायरचा डबा. हॉल १२ बाय ११, बजेट एन्ट्री लेव्हलचं. एका दुकानात ७० वॅटचा मिळतो, दुसऱ्यात १३५ चा, आणि किंमत जवळपास तीच. "मग ७० चा कोण घेईल?"

"दोन्ही आकडे एकाच मशीनचे असू शकतात," मन्या म्हणाला. उदाहरण दिलं यामाहाच्या आरएक्स-व्ही३८५ चं. दोन चॅनल (एका स्पीकरची लाइन म्हणजे एक चॅनल) चालू, २० हर्ट्झ ते २० किलोहर्ट्झ म्हणजे कानाला ऐकू येणारी सगळी पट्टी, ०.०९ टक्के डिस्टॉर्शन (आवाजाची विकृती), ६ ओहमचे स्पीकर (ओहम म्हणजे त्यांचा विद्युतरोध): ७० वॅट. एकच चॅनल, फक्त १ किलोहर्ट्झ, ०.९ टक्के: १००. आणि डिस्टॉर्शन १० टक्क्यांवर जाऊ दिलं की १३५. "१० टक्के म्हणजे आवाज फाटलेलाच. दुकानदार सांगतो तो शेवटचा आकडा, आपण वाचायचा तो पहिला."

अण्णांनी चहा खाली ठेवला. "अरे, ७० चे खरोखर १०० झाले तरी वाढतो दीड डेसिबल. कानाला जेमतेम कळेल. त्यापेक्षा ८५ ऐवजी ८८ डेसिबल सेन्सिटिव्हिटीचे (तेवढ्याच वॅटला किती आवाज निघतो, त्याचं माप) स्पीकर घे, अर्ध्या वॅटमध्ये तेवढाच आवाज. पैसे तिकडे घाल."

"स्पीकर आहेत की! जुन्या डीव्हीडी होम थिएटरचे. पाच आणि सब, म्हणजे बास वाजवणारा सबवूफर."

इथे मन्या आणि अण्णा एकदमच ओरडले. त्या स्पीकरच्या मागचं लेबल वाचलं तर बऱ्याचदा ३ ओहम निघतात. रिसीव्हरच्या मागे लिहिलेलं असतं ६ ओहम किंवा जास्त. ओहम निम्मे झाले की करंट दुप्पट, मशीन तापतं आणि ऐन फायटिंगच्या सीनला प्रोटेक्ट मोडमध्ये जाऊन बंद पडतं. वैशूचं म्हणणं, हळू आवाजात चालतील की. चालतील, पण मग रिसीव्हर घ्यायचा कशाला, हा अण्णांचा प्रश्न रास्त होता. शिवाय तो जुना सब पॅसिव्ह, म्हणजे त्याचा अँप्लिफायर त्या डीव्हीडीच्या डब्यात. नव्या रिसीव्हरचं सबवूफर पिन नुसता सिग्नल देतं, ताकद नाही. सब स्वतःची पॉवर कॉर्ड असलेलाच लागतो.

पक्याची बहीण न्यू जर्सीहून दिवाळीला येतेय, तिकडे स्वस्त मिळतो म्हणे. तिकडचा माल १२० व्होल्टचा. आपल्या २३० मध्ये सरळ खोचला की आतला ट्रान्सफॉर्मर किंवा फ्यूज गेला. व्होल्टेज उतरवणारा स्टेप-डाउन ट्रान्सफॉर्मर लावता येतो, पण मग कोपऱ्यात एक गुणगुणणारं लोखंडी धूड कायमचं. हा विषय तिथेच संपला.

खरं भांडण ५.१ की ७.२ यावर झालं. ५.१ म्हणजे समोर तीन (मधला तो सेंटर), बाजूला दोन सराउंड आणि एक सब; ७.२ मध्ये पाठीमागे आणखी दोन, आणि सब दोन. मन्याने एकच विचारलं: "सोफा कुठे?" मागच्या भिंतीला टेकलेला. आपल्याकडे बहुतेक हॉलमध्ये तो तिथेच असतो. मग मागच्या दोन स्पीकरना जागाच नाही. डोक्याला चिकटून वाजतील. ५.१ मध्ये सराउंड बाजूला, समोरून मोजलं तर ११० ते १२० अंशांवर, कानाच्या फूट-दोन फूट वर. एवढं बसलं तरी पुष्कळ.

"पण सात चॅनलचा घेतला तर उरलेले दोन छताला लावता येतील," वैशू अडून बसली. "५.१.२, म्हणजे वरूनही आवाज देणारं अ‍ॅटमॉस." इथे मला तिचं पटलं, पण एका अटीवर: छताचं पीओपी अजून व्हायचं असेल तर. वायरची पाइप आत्ताच छतात टाकून ठेवायची, स्पीकर पुढच्या वर्षी. पीओपी झालेलं असेल तर पाच चॅनलचा घे आणि वाचलेले पैसे सेंटर स्पीकरवर खर्च कर, कारण बहुतेक संवाद त्यातूनच येतात.

जोडणीत सगळ्यात जास्त लोक फसतात ते टीव्हीच्या सेटिंगमध्ये. टीव्हीतल्याच अ‍ॅपवर सिनेमा बघायचा तर केबल एआरसी लिहिलेल्या एचडीएमआयमध्ये (टीव्हीचा आवाज रिसीव्हरकडे नेणारी जागा), सीईसी (दोन्ही मशीननी केबलवरून एकमेकांशी बोलायची सोय) चालू, आणि डिजिटल ऑडिओ आउटपुट पीसीएमवरून (टीव्हीने आधीच उलगडलेला आवाज) काढून पास-थ्रू (आवाज जसाच्या तसा पुढे) किंवा ऑटोवर. साध्या एआरसीवर पीसीएम राहिलं तर दोनच चॅनल येतात, आणि माणूस म्हणतो मागचे स्पीकर खराब निघाले. ऑप्टिकल वायरने डॉल्बी डिजिटल ५.१ येतं, पण ओटीटीवाल्यांचं डॉल्बी डिजिटल प्लस तिच्यातून जात नाही. एआरसीतून जातं, अ‍ॅटमॉससकट. ईएआरसी, म्हणजे एआरसीची जास्त क्षमतेची नवी आवृत्ती, हवंच का? ब्लू-रे प्लेअर किंवा गेमचा डबा टीव्हीला जोडणार असशील तर हवं. तोच डबा रिसीव्हरला जोडलास तर नको.

वायर १.५ स्क्वेअर एमएम, पूर्ण तांब्याची. ब्लेडने एक तार खरवडून बघायची: आतून पांढरी निघाली तर तांब्याचा मुलामा दिलेलं अ‍ॅल्युमिनियम, दुकानात परत. टोक एक सेंटिमीटर सोलून घट्ट पिळायचं. एक केसाएवढी तार शेजारच्या टर्मिनलला लागली तरी शॉर्ट. एखाद्या स्पीकरचं लाल-काळं उलटं झालं तर काही जळत नाही, म्हणून लक्षातही येत नाही. फक्त बास गायब होतो आणि आवाज नेमका कुठून येतोय ते कळेनासं होतं.

कॅलिब्रेशनचा (रिसीव्हर स्वतःच आवाज मोजून स्पीकर जुळवतो त्याचा) माइक कानाच्या उंचीवर, स्टँडवर. सोफ्याच्या पाठीवर ठेवायचा नाही. पंखा, एसी बंद, घरच्यांना स्वयंपाकघरात पाठवायचं. (मे महिन्यात करू नये एवढंच.) त्याआधी सबचं व्हॉल्यूम निम्म्यावर, सबवरचं क्रॉसओव्हर बटण (किती हर्ट्झखालचा आवाज सबने वाजवायचा ते ठरवणारं) पूर्ण उजवीकडे, कारण ते काम आता रिसीव्हर करणार. झाल्यावर मशीन छोट्या स्पीकरनासुद्धा कधीकधी "लार्ज", म्हणजे बासही पेलणारे, ठरवतं. ते "स्मॉल" करायचं, क्रॉसओव्हर ८० हर्ट्झ. अगदी चिमुकले सॅटेलाइट स्पीकर असतील तर १२०.

"सबचं अंतर मात्र मशीन मोजताना चुकतं," पक्या म्हणाला, त्याने कुठेतरी वाचलं होतं. "नऊ फुटांवर असला तरी चौदा दाखवतं."

"चुकत नाही," अण्णा म्हणाले. "सबच्या आतल्या सर्किटमुळे आवाज उशिरा निघतो, तो उशीर ते अंतरात धरतं. टेप घेऊन दुरुस्त करायला जाऊ नकोस."

घूंऽऽ असा आवाज आला तर आधी केबल टीव्हीची कोअ‍ॅक्स वायर काढून बघायची. थांबला तर दोष अर्थिंगच्या लूपचा. त्यावर आयसोलेटर मिळतो. प्लगची अर्थ पिन कापणं हा उपाय नव्हे.

शेवटी मन्याने विचारलं, "टीव्ही युनिट आत किती खोल?" पक्याने घरी फोन लावला. चौदा इंच.

"मशीनच साडेबारा. मागे केबल वळायला तीन इंच लागतात. पाठीची प्लाय कापावी लागेल. आणि वर चार बोटं नाही, चार इंच मोकळे ठेव. सेट-टॉप बॉक्स त्याच्या डोक्यावर नको."

"युनिटला दार आहे," पक्या म्हणाला. "काचेचं."

"ते काढ."