सेशेल्सचा वटवट्या ‘आपोआप’ वाचलेला नाही

भाचीने शाळेच्या प्रकल्पात एक फॉरवर्ड जसाच्या तसा उतरवला, तेव्हा मात्र राहवलं नाही. मजकूर थोडक्यात असा: हिंदी महासागरातल्या सेशेल्स बेटांवर एका वटवट्याचे फक्त २६ पक्षी उरले होते, माणसाने ढवळाढवळ केली नाही म्हणून निसर्गाने त्यांचे आपोआप तीन हजार केले, आता धोका संपला, आणि तसाही तो आपल्याकडचाच वटवट्या, वेगळी जात नव्हेच.

आकडे बरोबर आहेत, तेवढं मान्य. १९६८ मध्ये तिथल्या कझिन बेटावर २६ पक्षी होते, जगात दुसरीकडे एकही नाही.

पण ‘ढवळाढवळ केली नाही’? अहो, जंगल तोडून नारळ लावले म्हणून तर ही वेळ आली! हा पक्षी पान उलटसुलट बघत खालच्या बाजूचे किडे टिपतो. नारळबागेत त्याचं कसं भागणार? उरलेले खारफुटीच्या एका तुकड्यात जीव धरून होते. १९६८ मध्ये पक्षीसंरक्षणाच्या आंतरराष्ट्रीय परिषदेने ते बेटच विकत घेतलं. नारळाची रोपं उपटली, तेव्हा कुठे पिसोनिया ही तिथली मूळची झाडं पुन्हा माजली आणि पक्षी वाढले. पुढे कझिन भरून गेलं. शेजारचं कुझीन बेट जेमतेम दीड किलोमीटरवर, तरी पंख असून हे पक्षी तिथे वस्तीला गेले नाहीत. माणसांनी धरून सेशेल्सच्याच चार बेटांवर नेले: १९८८ मध्ये अरीदवर २९, १९९० मध्ये कुझीनवर २९, २००४ मध्ये डेनिसवर ५८, २०११ मध्ये फ्रिगेटवर ५९. याला आपोआप म्हणायचं? ‘काही केलं नाही तरी चालतं’ हे एका पोरीच्या वहीत जातं, याचा मला संताप येतो.

जातीचं म्हणाल तर बदलली ती प्रजाती, म्हणजे जवळच्या जातींचा गट (जीनस); जात (स्पीशीज) नव्हे. पूर्वी त्याला बेब्रॉर्निसमध्ये धरत, आता अ‍ॅक्रोसेफॅलसमध्ये. आपल्याकडे हिवाळ्यात येणारा ब्लाइथचा वटवट्याही त्याच प्रजातीतला, म्हणून दोघे एक झाले का? वाघ-सिंहही एकाच प्रजातीतले आहेत. ‘सेशेलेन्सिस’ हे जातीचं नाव १८७७ पासून कायम आहे.

राहिला धोका. आययूसीएन या निसर्गसंवर्धनाच्या आंतरराष्ट्रीय संघटनेच्या, धोक्यातल्या जीवांच्या लाल यादीत २०१५ मध्ये तो ‘निअर थ्रेटन्ड’ झाला, म्हणजे संकटाच्या उंबरठ्यावर. यादीत नोंद स्पष्ट आहे, उघडून बघा. सगळा संसार मोजक्या चिमुकल्या बेटांवर. एखाद्या होडीतून उंदीर उतरले तरी घात.

प्रकल्प सोमवारी द्यायचा आहे. ज्या काकांनी हे ग्रुपवर टाकलं, त्यांनी त्याआधी तिथेच दुरुस्ती टाकावी.