खपली

पंचेचाळिशीत माणसाने गुडघा फोडून घेऊ नये. लहानपणी पडलं की आई फुंकर घालायची, आता लोक आधी हसू दाबतात, मग विचारतात, "लागलं का?" मी सोसायटीच्या फाटकापाशी शेवाळावरून घसरलो तेव्हा हातात अर्धा डझन अंडी होती. अंडी वाचली.

डॉक्टरांनी जखम धुतली, पट्टी बांधली, धनुर्वाताचं इंजेक्शन टोचलं आणि म्हणाले, "आता तुम्ही काही करू नका." इतकं कडक पथ्य मला आजवर कुणी सांगितलं नव्हतं.

आईने हळदीचा डबा काढला. तळमजल्यावरचे काका चुना सुचवून गेले, बायको कॉफीच्या पुडीवर ठाम. प्रत्येकाकडे दाखला एकच : आमच्या अमक्याला चार दिवसांत उतार पडला. अमक्याच्या गुडघ्याचंही त्यात काही काम असेल, हे कुणी धरतच नाही. मी हळद चुकवली, पण दुसऱ्या दिवशी "वारा लागू दे" म्हणत आईने पट्टी सोडवलीच. झाकून ओलसर ठेवलेली जखम लवकर भरते, हे जॉर्ज विंटर या संशोधकाने 1962 साली डुकरांवर प्रयोग करून दाखवलं होतं. पण आईपुढे डुकरांचा दाखला द्यायची माझी छाती झाली नाही.

गुडघा मात्र कामाला लागला होता. रक्तातल्या प्लेटलेट्सनी काही मिनिटांतच बूच मारलं, फायब्रिनच्या धाग्यांनी त्यावर जाळी विणली, पांढऱ्या पेशी जंतू गिळत सुटल्या आणि कडेच्या पेशी खपलीखालून सरकत नवी कातडी अंथरू लागल्या. ना टेंडर, ना मीटिंग. सोसायटीची टाकी तीन वर्षं गळतेय.

सहाव्या दिवशी खाज सुटली. खपली नाण्याएवढी, काळपट तांबडी. एका कडेला जुन्या भिंतीवरच्या पोपड्यासारखी उचललेली. मी फक्त नख लावून बघणार होतो. टचकन रक्त आलं.

"काढलीस ना?" आतून आई. तिला दिसत नव्हतं, पण ऐकू आलं असावं. डबा पुन्हा निघाला. या वेळी मी मुकाट्याने पाय पुढे केला.

आता गुडघा बरा आहे. परवा आई काकांना सांगत होती, "हळद लावली आणि चार दिवसांत उतार पडला बघा."