आगबोटीचा शोध लावायचाय? आधी सोयरीक बघा

आगबोटीचा शोध लावायची हौस असेल तर प्लीज पहिला नंबर लावू नका. पहिला येणारा सगळ्यांच्या प्रयोगांचा खर्च एकटा करतो आणि वर वेडा ठरतो तो वेगळाच.

जॉन फिचचंच बघा ना. पोटासाठी घड्याळं, चांदीकाम, नकाशे असं काय काय करणारा कनेक्टिकटचा फाटका माणूस. या बाबाने १७८७ च्या ऑगस्टमध्ये फिलाडेल्फियात, अमेरिकेची राज्यघटना लिहायला जमलेल्या मंडळींना डेलावेअर नदीत वाफेवर बोट चालवून दाखवली, दोन्ही बाजूंना सहा-सहा वल्ही आणि ती मारतंय इंजिन. मंडळींनी कौतुक केलं आणि परत घटना लिहायला गेली. पैसे? हॅ.

तरी गडी १७९० च्या उन्हाळ्यात चक्क टाइमटेबल लावून पॅसेंजर सर्व्हिस सुरू करतो. सोमवार-बुधवार-शुक्रवार फिलाडेल्फियाहून ट्रेन्टनकडे, मंगळवार-गुरुवार-शनिवार परत, ट्रेन्टनचं तिकीट पाच शिलिंग, पेपरात जाहिरात, स्पीड ताशी ७-८ मैल, सगळं अगदी झकास. आणि पॅसेंजर कुठंयत? ते नदीकाठच्या सपाट रस्त्याने घोडागाडीत बसून चाललेत, कारण घोड्याला बॉयलर नसतो. तेव्हा चांगला रस्ता असेल तिथे बोट घालू नये, ही अक्कल तुम्हाला फिचच्या खर्चाने फुकट मिळतेय, घेऊन टाका. बिचाऱ्याला १७९१ मध्ये आगबोटीचं पेटंट मिळालं, पण त्याच दिवशी त्याच्या हाडवैऱ्याला, आगबोटीच्याच मागे लागलेल्या जेम्स रम्सीलाही मिळालं. म्हणजे सरकारने भांडण मिटवलं नाही, नुसतं लॅमिनेट करून दोघांच्या हातात दिलं.

तुम्ही असं करा, इंजिनाचं नंतर बघू, आधी कायदा करून घ्या. रॉबर्ट लिव्हिंग्स्टन, न्यूयॉर्कचा बडा जमीनदार, याने १७९८ ला तेच केलं. न्यूयॉर्क राज्यातल्या पाण्यावर वाफेची बोट चालवायची मक्तेदारी खरं तर फिचकडे होती, ती याने स्वतःच्या नावावर करून घेतली आणि कायद्यात कारण काय लिहिलं, तर फिच एकतर मेलाय नाहीतर राज्य सोडून गेलाय. (तो केंटकीत जिवंत होता, पण कायदाच म्हणतोय मेला तर माणसाने जरा कोऑपरेट करावं, त्याच उन्हाळ्यात गेला.) अट होती वीस टनांची बोट, ताशी ४ मैल, वर्षभरात. आमदारांना वाटलं हे कुणाच्या बापाला जमणार नाही, कंटाळा आला की ते बिल काढून हसत बसायचे. हसू द्या. हसणारा माणूस बिलाच्या बाजूने हात वर करून मोकळा होतो. वर्षभरात बोट झाली नाहीच, मग मुदतवाढ, मग आणखी मुदतवाढ. मुदतवाढ हा आगबोटीचा सगळ्यात महत्त्वाचा पार्ट, बॉयलर त्याच्यानंतर.

आता इंजिनियर लागेलच एक. लिव्हिंग्स्टनला पॅरिसमध्ये रॉबर्ट फुल्टन भेटला, मूळचा चित्रकार, नेपोलियनला पाणबुडी विकायचा प्रयत्न करून झालेला. १८०३ मध्ये सीन नदीत त्यांची पहिली बोट इंजिनाच्या वजनानेच मोडून बुडाली, पण पैसेवाल्याची बोट बुडाली की त्याला अनुभव म्हणतात. मग इंग्लंडहून बोल्टन-वॅट कंपनीचं रेडिमेड इंजिन मागवलं आणि १७ ऑगस्ट १८०७ ला न्यूयॉर्कहून हडसन नदीतून ऑल्बनीला निघाले. १५० मैल, ३२ तास. भागाकार करा, पावणेपाचसुद्धा येत नाही. फिचची बोट सतरा वर्षं आधी यापेक्षा जोरात पळत होती, पण अट ४ चीच होती ना! पुढच्याच वर्षी फुल्टनने लिव्हिंग्स्टनच्या भाऊबंदांतलीच मुलगी केली. मक्तेदारी घरातच राहिली, आणि शोधक म्हणून शाळेच्या पुस्तकात नाव फुल्टनचंच.

हां, सोयरीक म्हणून सगळ्याच सोयऱ्यांना पाण्यात उतरू देऊ नका. लिव्हिंग्स्टनचा सख्खा मेहुणा जॉन स्टीव्हन्स, त्याने स्वतःची ‘फिनिक्स’ बोट बांधली, तर मक्तेदारीमुळे तिला हडसन बंद. शेवटी १८०९ मध्ये त्याने ती समुद्रातून वळसा घालून फिलाडेल्फियाला नेली. मेहुण्याच्या जाचातून समुद्रात गेलेली पहिली आगबोट!

आणि काही झालं तरी मक्तेदाराकडून लायसन्स घेणारे होऊ नका. ॲरन ऑग्डन, न्यू जर्सीचा माजी गव्हर्नर, त्याने रीतसर पैसे मोजून लायसन्स घेतलं. त्याचा जुना पार्टनर थॉमस गिबन्सने ते न घेताच बोटी घातल्या, वर कॉर्नेलियस व्हँडरबिल्ट नावाचा विशीतला वांड कॅप्टन ठेवला. केस गेली सुप्रीम कोर्टात, २ मार्च १८२४ ला मक्तेदारी उडाली. तोवर लिव्हिंग्स्टन आणि फुल्टन दोघेही वारले होते, एवढं परफेक्ट टायमिंग सगळ्यांना साधत नाही. ऑग्डन मात्र जिवंत होता, त्यामुळे पुढे कर्जापायी तुरुंगात गेला. लायसन्सची पावती नीट जपून ठेवली असणार त्याने.