बार्शी लाईट सरकारने बांधलेली नाही

आषाढी जवळ आली की ‘बार्शी लाईट ही छोटी रेल्वे इंग्रज सरकारने वारकऱ्यांसाठी बांधली’ हा मजकूर फिरू लागतो. तो चुकीचा आहे. ही गाडी एव्हरार्ड कॅलथ्रॉप या इंजिनिअरच्या खासगी कंपनीची. १८९७ मध्ये ती पहिल्यांदा धावली ती आजच्या कुर्डुवाडीहून बार्शीला, व्यापारपेठेच्या गावी. पंढरपूरला रूळ पोचले १९०६ मध्ये. सरकारने ती विकत घेतली १९५४ मध्ये, म्हणजे स्वातंत्र्यानंतर. दोन रुळांमधलं अंतर अवघं अडीच फूट! डब्यात समोरच्याच्या गुडघ्याला गुडघा लागायचा, आणि वारीत तर टपावरही माणसं बसायची. वारकऱ्यांचा तिच्यावर जीव होता, यात शंकाच नाही. पण कॅलथ्रॉपचं श्रेय सरकारच्या खात्यावर कशाला? मजकूर पुढे पाठवताना एवढी दुरुस्ती जरूर करा.