'एक रीडर, दोन पीएलसी' वर आलेल्या कमेंटला उत्तर (जरा लांबलंय)

मागच्या लेखात आमच्या कन्व्हेयरवरचा आरएफआयडी रीडर (पॅलेटवरचा टॅग वाचणारं यंत्र) दोन पीएलसींमुळं (मशीन चालवणारे कंट्रोलर) कसा अडकत होता ते लिहिलं होतं. त्यावर एका वाचकांनी कमेंट टाकलीय, नाव नाही, टोपणनाव आहे. ज्यांनी वाचली नाही त्यांच्यासाठी: "मित्रा, एका रीडरला दोन पीएलसी थेट जोडणं हेच चूक. त्यावर रिले लावून रीडर बंद-चालू करणं म्हणजे जुगाड. एकच पीएलसी मालक ठेव, दुसऱ्याला त्याच्याकडून डेटा दे. एकाने वाचलेला टॅग दुसऱ्याला मिळालाच नाही तर? आणि टर्मिनेशन 220 ओहमचं नसतं. लोकांना शिकवण्याआधी मराठी तरी धड लिही, 'बघायलोय', 'करायलोय' हे काय?"

आधी चूक कबूल करतो, म्हणजे नंतर कुणी म्हणायला नको. जुन्या सिरीयल रीडरबद्दल लिहिताना 120 च्या जागी 220 टाइप झालं. आरएस-485 ला (त्या रीडरची सिरीयल लाईन) दोन्ही टोकांना 120 ओहमचा रेझिस्टर, त्यालाच टर्मिनेशन म्हणतात, पॉवर बंद करून ए-बी या दोन तारांमध्ये मीटर लावला की 60 च्या आसपास दाखवायला पाहिजे. पॅनलमध्ये बरोबरच लावलेत, बोट चुकलं. धन्यवाद.

आता मराठीचं. साहेब, मी बेळगावचा. आमच्याकडं माणूस 'करायलोय'च म्हणतो, माझी आजी म्हणायची, तिची आई म्हणायची, आणि 1956 ला आमचा जिल्हा मुंबई राज्यातून तिकडं गेला तेव्हा कुणी आम्हाला विचारलं नव्हतं की तुमचं क्रियापद कुठलं ठेवू. मी मराठी शाळेत शिकलो, कामावर दिवसभर कन्नड बोलतो, ड्रॉइंग इंग्लिशमध्ये वाचतो आणि रात्री जेवून मराठीत लिहितो. पैसे मिळत नाहीत त्याचे. तुमच्या गावात मराठीत लिहिलं की झालं, आमच्याकडं दुकानाची पाटी कुठल्या भाषेत लावायची यावरनं भांडणं होतात, तरी लिहायलोय. पीएलसीवर मराठीत लिहिणारे मोजून किती आहेत ते एकदा शोधून बघा आणि मग धड-अधड ठरवा.

आणि ते 'मित्रा'. आपली ओळख नाही, चहा पिलेला नाही, एकदम 'मित्रा, ठेव, दे, लिही'? 2004 ला आयटीआय करून उद्यमबागेत (बेळगावची इंडस्ट्रियल एरिया) पॅनल वायरिंगला लागलो, तारांच्या टोकांना फेरूल (बारकी धातूची नळी) घालून घालून बोटं सोलली, पहिला पीएलसी हातात मिळायला चार वर्षं गेली. वयानं तुम्ही मोठे असाल तर माफ करा, पण कमेंटवरून वाटत नाही.

रिलेला जुगाड म्हणालात म्हणून त्या रात्रीचं परत सांगतो, कारण लेख तुम्ही पूर्ण वाचलेला दिसत नाही. रात्री दोनची वेळ, लाईट गेली, जनरेटरवर सगळं परत आलं, आणि पहिल्या मशीनचा पीएलसी रीडरला कनेक्टच होईना. ऑपरेटरचा फोन, कन्नडमध्ये तेच, "सर, कनेक्ट आगवल्दु." जाऊन बघतोय तर पिंग व्यवस्थित (म्हणजे नेटवर्कवर रीडर उत्तर द्यायलाय), केबल ठीक, स्विचचे दिवे लुकलुकायलेत. रीडर मात्र एका वेळी एकच टीसीपी (नेटवर्कवरचं) कनेक्शन घेणारा. गंमत इथंच होती, रीडरचं 24 व्होल्ट यूपीएसवरनं होतं आणि त्या पीएलसीचं नव्हतं. पीएलसी मेला तो निरोप न घेताच मेला, रीडर जिवंत राहिला, आणि त्याच्या मते जुना गडी अजून लाईनवरच आहे. हा रीडर विचारल्याशिवाय काही बोलत नाही, त्यामुळं पलीकडं कुणी नाही हे त्याला कळणार तरी कसं? कीपअलाइव्हची, म्हणजे पलीकडचा जिवंत आहे का हे मधनंमधनं विचारायची, सेटिंग त्याच्या मेनूत नाही, शोधली.

कोल्हापूरच्या एसटीत खिडकीतून रुमाल टाकून जागा धरतात की नाही, तसंच हे. रुमालवाला निपाणीला उतरून गेला आणि रुमाल तिथंच. मागचे सगळे उभे. आता हा रुमाल उचलायचा कसा? कंडक्टर नाही. रीडरची पॉवर दहा सेकंद काढायची, त्यासाठीच तो रिले, दुसरा उपाय मला तरी रात्री दोनला सुचला नाही. तुम्हाला सुचला असता तर चांगलं आहे.

आणि दोन्ही पीएलसी जोडायचे हे मी ठरवलं नव्हतं हो. मशीन दोन वेगळ्या सप्लायरची, प्रत्येकाच्या प्रोग्रॅमला आपापला पासवर्ड, मधल्या पॅलेटचा टॅग दोघांनाही पाहिजे. दोघांनी आळीपाळीनं सॉकेट (रीडरशी कनेक्शन) उघडायचा-बंद करायचा हे आमच्या गळ्यात आलेलं. इथरनेट आयपी या इंडस्ट्रियल नेटवर्कचा रीडर असता तर दुसऱ्यानं मालकी मागितली की सरळ ओनरशिप कॉन्फ्लिक्ट 16#0106 हा एरर कोड आला असता, निदान भांडण कशाचं ते कळलं असतं. इथं नुसता टाइमआउट.

एकच मालक ठेवा हे मला माहीत नव्हतं असं समजू नका. पासवर्ड मिळाल्यावर तेच केलं, तुमच्या कमेंटच्या दोन महिने आधी. पहिला पीएलसी वाचतो, टॅग नंबर आणि एक वाढता काउंट दुसऱ्याला पाठवतो, काउंट बदलला तरच दुसरा नवीन पॅलेट मानतो आणि तोच काउंट परत पाठवून पोच देतो. पोच आली नाही तर पॅलेट अडवणारा स्टॉपर खाली जात नाही. लेखात हे शेवटी दोन ओळींत होतं, दोनच ओळी लिहिल्या कारण तोवर झोप आली होती, तेवढं मान्य.

एकाने वाचलेला टॅग दुसऱ्याला न मिळण्याचा मुद्दा वेगळा आहे, त्यात आता शिरत नाही. व्हायचं तसं, हो. शिफ्टला दोन-तीन पॅलेट.

220 चं 120 केलंय. 'बघायलोय' तसंच राहील. रिले अजून पॅनलमध्येच आहे, मालक एक केल्यापासून तो एकदाही ओढलेला नाही, पुढच्या शटडाउनला काढायचा का ते बघतो.