३५ मॅच, एकही हार नाही, आणि ४४२ नावांत त्याचं नाव नाही

चक ईली हे नाव आपल्यातल्या फार थोड्यांनी ऐकलं असेल, ओहायोत वर्षानुवर्षं राहणाऱ्या मराठी लोकांनीसुद्धा. याचं मला मनापासून वाईट वाटतं, म्हणून आज सविस्तर लिहितोय. पोस्ट मोठी होणार आहे, सवडीने वाचा.

खेळ अमेरिकन फुटबॉल, आणि हा ओहायोतल्याच युनिव्हर्सिटी ऑफ टोलेडोचा ब्लॅक क्वार्टरबॅक. १९६९, १९७०, १९७१ असे तीन सीझन खेळला. पहिल्या वर्षी ११ पैकी ११, दुसऱ्या वर्षी १२ पैकी १२, तिसऱ्या वर्षी परत १२ पैकी १२. त्या काळी पहिल्या वर्षाच्या पोरांना कॉलेजच्या मेन टीममधे खेळायची परवानगीच नव्हती, त्यामुळे तीनच सीझन मिळायचे, आणि मिळालेल्या तीनमधे हा माणूस एकदाही हरला नाही. शाळेत पण नाही! पोर्ट्समथच्या नोत्र दाम हायस्कूलमधे स्टार्टर म्हणून १८ मॅच, १८ विजय.

ज्यांना हा खेळ माहीत नाही त्यांच्यासाठी, क्वार्टरबॅक म्हणजे कॅप्टनही तोच, मेन बॉलरही तोच आणि प्रत्येक बॉल त्यानेच टाकायचा असं क्रिकेट असतं तर त्यातला तो माणूस. समोरची टीम कशी उभी आहे ते दोन सेकंदात बघून कुठे फेकायचं ते ठरवायचं, चुकलं तर शिव्या त्यालाच. आणि नेमकं याच कारणाने अमेरिकेत कित्येक वर्षं हे पोझिशन ब्लॅक खेळाडूंना द्यायचं नाही असं चाललं होतं. पळायला ठीक, पकडायला ठीक, पण डोकं चालवायचं काम आणि गोऱ्या खेळाडूंना हुकूम सोडायचं काम यांना नको. लेखी नियम कुठेच नव्हता, पण तो सगळे पाळत होते.

ईली ओहायोच्या दक्षिण टोकाच्या पोर्ट्समथचा, १९५० चा जन्म. रेल्वे रुळांच्या पलीकडे गरिबांची वस्ती, आईने एकटीने वाढवलेला. घराजवळून कोळशाच्या मालगाड्या जायच्या, डब्यांवर नॉरफोक अँड वेस्टर्न कंपनीची मोठी अक्षरं असायची, आणि हा पोरगा हातात दगड घेऊन उभा राहायचा आणि धावत्या डब्यावरच्या एका ठराविक अक्षरावर, ‘एन’वर, नेम धरायचा. डबा पुढे सरकतोय, अक्षर पुढे सरकतंय, म्हणजे दगड जिथे अक्षर आत्ता आहे तिथे मारून उपयोग नाही, जिथे ते पोचणार आहे तिथे मारायचा. पळणाऱ्या खेळाडूला पास देणं म्हणजे अगदी हेच. कोणत्या कोचने शिकवलं असतं हे? मोठमोठ्या कॉलेजांनी काही त्याच्या दारात रांग लावली नव्हती. टोलेडोने घेतलं.

टोलेडो म्हणजे काचेच्या कारखान्यांचं शहर, स्टेडियमचं नावच ग्लास बोल. टीमचं नाव रॉकेट्स, कॉन्फरन्स (आपापसात खेळणाऱ्या कॉलेजांचा गट) मिड-अमेरिकन, म्हणजे ओहायो स्टेट किंवा मिशिगनसारखं टीव्हीवरचं ग्लॅमर नाही. १९६९ ला शेजारच्या बोलिंग ग्रीनशी मॅच होती, हाडवैर आहे या दोन कॉलेजांचं, आजही आहे. टोलेडो २४-२६ ने मागे, घड्याळात मिनिटसुद्धा उरलेलं नाही. ईलीने एकेक पास करत टीमला किकच्या टप्प्यात आणून ठेवलं, शेवटच्या क्षणी फील्ड गोल, म्हणजे किक मारून मिळणारे तीन पॉइंट, २७-२६. ती किक चुकली असती तर ३५-० नावाची गोष्टच नसती. तेव्हा तो पहिल्याच सीझनमधला पोरगा होता हे लक्षात घ्या.

तिन्ही वर्षी टँजरिन बोल, म्हणजे सीझन संपल्यावरची मानाची मॅच, जिंकला, तिन्ही वर्षी त्यातला बेस्ट प्लेयर तोच, कॉन्फरन्सचाही तोच. एपी वृत्तसंस्थेच्या देशभरातल्या कॉलेज टीमच्या रँकिंगमधे टोलेडो अनुक्रमे २०, १२ आणि १४ व्या नंबरवर. १९७१ च्या हाइझमन ट्रॉफीच्या, म्हणजे देशातल्या सर्वोत्तम कॉलेज खेळाडूच्या बक्षिसाच्या, मतदानात ईली आठवा.

आणि मग १९७२ चा एनएफएल ड्राफ्ट, म्हणजे अमेरिकेच्या प्रो लीगमधल्या टीम पाळीपाळीने कॉलेजचे खेळाडू निवडतात तो कार्यक्रम. १७ राउंड, २६ टीम, ४४२ नावं पुकारली गेली. ईली नाही.

हे सांगितलं की कोणीतरी हमखास म्हणतं, अरे छोटी कॉन्फरन्स होती, समोरच्या टीम लिंबूटिंबू, तिथे कोणीही जिंकेल. ठीक आहे, टँजरिन बोलमधे समोर डेव्हिडसन, विल्यम अँड मेरी, रिचमंड होते, कोणी महाबली नव्हते, मान्य. पण मग १९७० च्या ड्राफ्टमधे सगळ्यात पहिला निवडलेला खेळाडू कोण होता? टेरी ब्रॅडशॉ, लुईझियाना टेक या छोट्या कॉलेजचा क्वार्टरबॅक. १९७१ ला सिनसिनाटीने केन अँडरसनला घेतलं, तो ऑगस्टाना नावाच्या इवल्याशा कॉलेजचा. छोट्या कॉलेजचे गोरे क्वार्टरबॅक शोधत स्काउट खेड्यापाड्यात जात होते, आणि ३५-० वाला टोलेडोत सगळ्यांच्या डोळ्यांसमोर होता. तेव्हा छोट्या कॉन्फरन्सचं कारण मला कोणी सांगू नये.

पण मला सगळ्यात जास्त बोलायचंय ते याच्या पुढच्या भागावर. ईलीची गोष्ट नेहमी ‘बिचाऱ्यावर अन्याय झाला’ अशी सांगितली जाते. अन्याय झालाच. पण ड्राफ्टच्या आधी त्याने स्वतः टीमना पत्र पाठवून कळवलं होतं की मी खेळेन तर क्वार्टरबॅक म्हणूनच, दुसऱ्या कुठल्या जागेवर खेळणार नाही. २२ वर्षांचा पोरगा, घरची परिस्थिती अशी, समोर प्रो फुटबॉलचा पैसा, आणि त्याने अट घातली! त्याला माहीत होतं काय चालतं ते. मार्लिन ब्रिस्को हा ब्लॅक खेळाडू १९६८ ला डेन्व्हरसाठी क्वार्टरबॅक म्हणून उत्तम खेळला, पुढच्या वर्षी बफेलोत त्याला रिसीव्हर, म्हणजे पास पकडणारा, व्हावं लागलं. एल्ड्रिज डिकी या दुसऱ्या ब्लॅक क्वार्टरबॅकला ओकलंडच्या रेडर्सनी पहिल्या राउंडमधे घेतलं आणि तिथे त्यालाही रिसीव्हर करून टाकलं. हो म्हटलं असतं तर ईलीलाही कुठेतरी कोपऱ्यात जागा मिळाली असती, दोन-तीन सीझन निघाले असते, आणि ३५-० वाला माणूस दुसऱ्याच जागेवर खेळताना सगळ्यांनी बघितला असता. तो नाही म्हणाला. माझ्या दृष्टीने त्या ३५ विजयांपेक्षा हे मोठं आहे आणि हे मी पूर्ण विचार करून लिहितोय.

तो कॅनडात गेला, तिथल्या लीगमधल्या हॅमिल्टन टायगर-कॅट्स टीमकडे. हॅमिल्टननेच १९५१ ला बर्नी कस्टिस या ब्लॅक खेळाडूला क्वार्टरबॅक म्हणून उभं केलं होतं, त्यामुळे तिथे ही गोष्ट नवीन नव्हती. पहिल्याच वर्षी ग्रे कप, म्हणजे कॅनडाच्या लीगची फायनल, तीही घरच्याच मैदानावर, समोर सस्कॅचवानची टीम. स्कोअर १०-१०, दोन मिनिटंही उरली नव्हती, आणि हॅमिल्टन आपल्याच गोलच्या बाजूला अडकलेली. ईलीने टोनी गॅब्रिएलला लागोपाठ तीन पास दिले, एक गार्नी हेन्लीला, आणि इयन संटर नावाच्या पोरसवदा किकरने शेवटच्या बॉलवर ३४ यार्डांची किक मारली. १३-१०. बोलिंग ग्रीनवाली मॅच आठवली का? तोच माणूस, तेच धैर्य. मॅचचा बेस्ट प्लेयर ईली, लीगचा त्या वर्षीचा सर्वोत्तम नवोदितही ईली. नंतर विनिपेग, टोरंटो असं १९७८ पर्यंत खेळला, फुप्फुसाच्या दुखापतीने थांबला, पण कॅनडा काही सोडला नाही, तिथेच फायनान्शियल प्लॅनिंगमधे काम केलं, संसार केला.

त्याच १९७८ ला वॉरन मून या ब्लॅक क्वार्टरबॅकचं परत तेच झालं, रोझ बोल या कॉलेजच्या मोठ्या मॅचचा बेस्ट प्लेयर असूनही ड्राफ्ट नाही, कॅनडात एडमंटनला गेला, पाच ग्रे कप जिंकले. फेब्रुवारी २०२३ च्या सुपर बोलमधे, म्हणजे एनएफएलच्या फायनलमधे, पहिल्यांदा दोन्ही बाजूंना ब्लॅक क्वार्टरबॅक होते, महोम्स आणि हर्ट्स. ईलीच्या ड्राफ्टनंतर ५१ वर्षांनी.

कॉलेज फुटबॉल हॉल ऑफ फेमचा, म्हणजे दिग्गजांच्या मानाच्या यादीचा, एक नियम आहे, मान्यताप्राप्त निवड समितीच्या पहिल्या ऑल-अमेरिकन टीममधे (देशभरातल्या सर्वोत्तम खेळाडूंच्या निवडीत) नाव पाहिजे. या नियमावर बोट ठेवून ईलीला वर्षानुवर्षं बाहेर ठेवलं गेलं, चाहते अर्ज-विनंत्या करत राहिले. त्याच्याच टीमचा मेल लाँग आत आहे आणि तो असायलाच हवा, व्हिएतनाम युद्धात नेव्ही क्रॉस हे शौर्यपदक मिळवून आलेला माणूस, जबरदस्त डिफेन्स खेळायचा. टोलेडोचा डिफेन्स तेव्हा देशात नावाजलेला होता, विजय एकट्या ईलीचे नव्हतेच. पण तीन वर्षं न हरलेल्या क्वार्टरबॅकला नियम आडवा येत असेल तर नियम बदलावा ना, अडचण काय आहे?

टोलेडोने त्याचा १६ नंबर रिटायर केलाय, दुसऱ्या कोणाला तो मिळत नाही. आपली कितीतरी पोरं आता तिथे इंजिनिअरिंग, फार्मसी शिकायला जातात. तुमच्यापैकी कोणाचं तिथे जाणं झालं तर ग्लास बोलला एक मॅच नक्की बघा, जमलं तर बोलिंग ग्रीनविरुद्धची. आणि सोबत कोणी विचारलं की हा एवढा भारी होता तर एनएफएलमधे का नाही दिसला, तर ‘ड्राफ्ट झाला नाही’ एवढ्यावर थांबू नका, पत्राचंही सांगा.