अफजलखानाच्या वधाला कोणतं सर्टिफिकेट?

नववी-दहावीच्या मुलांना सिनेमाची सर्टिफिकेटं कशी ठरतात ते शिकवायला हवं, असं स्टाफरूममध्ये म्हटलं की पहिला प्रश्न येतो, 'परीक्षेला आहे का?' नाही. पण २०२३ च्या कायदादुरुस्तीनं 'यूए'चे, म्हणजे लहान मुलांनी आईबाबांच्या सल्ल्यानं बघायच्या सिनेमांचे, ७+, १३+ आणि १६+ असे तीन भाग केले, आणि त्यातले दोन थेट आमच्या वर्गात येऊन बसले. दहावीतलं पंधरा वर्षांचं पोरगं १३ च्या पुढे, १६ च्या अलीकडे. शिवाय थिएटरच्या दारात अडवतात ते फक्त 'ए'ला, म्हणजे फक्त प्रौढांसाठीच्या सिनेमाला. 'यूए'चा निर्णय आईबाबांचा, आणि आईबाबा ठरवतात पोस्टर बघून!

म्हणून मी व्याख्या फळ्यावर लिहीत बसत नाही. वर्गाचीच परीक्षण समिती करते आणि प्रसंग देते: अफजलखानाचा वध. चौथीच्या इतिहासात सगळ्यांनी वाचलेला. यावर सिनेमा काढलात तर सर्टिफिकेट कोणतं? अर्धा वर्ग लगेच 'यू', म्हणजे सगळ्यांसाठी खुला, म्हणतो, कारण महाराज आहेत. मग विचारायचं, वाघनखं पोटात शिरताना दिसतात का? कॅमेरा जखमेवर किती वेळ थांबतो? आवाज कसला येतो? सगळं शामियान्याबाहेरच्या माणसांच्या चेहऱ्यांवरच दाखवलं तर? इथून खरी भांडणं सुरू होतात. तोच प्रसंग 'यू'पासून 'ए'पर्यंत कुठेही जाऊ शकतो, हे मुलं आपापसांत भांडूनच शोधून काढतात. दिग्दर्शक ख्वाजा अहमद अब्बास यांच्या खटल्यात १९७० साली सर्वोच्च न्यायालयानं सिनेमा आधी तपासणं वैध ठरवलं, पण विषय कोणता यापेक्षा तो हाताळला कसा ते बघा, असंही बजावलं. हे मी भांडण झाल्यावर सांगते, आधी नाही.

अट एकच, निकालाखाली कारण लिहायचं. 'घाण आहे', 'आपल्या संस्कृतीत बसत नाही' असली कारणं परत पाठवते. (मोठ्यांच्या समित्यांनाही ही अट लावायला हरकत नाही.)

'अशानं मुलं मुद्दाम ए सिनेमे शोधतील,' असं एक सहकारी म्हणाले. सर, मुलांच्या हातात फोन आहे. २०२१ च्या नियमांनुसार ओटीटीवर वयाचा गट कंपनीच ठरवते. तिथे वयाबरोबर हिंसा, शिव्या, व्यसनं अशी कारणंही लिहून येतात. ती ओळ वाचायला कोणी शिकवलंय का?

एक प्रश्न मात्र दरवर्षी कुणीतरी विचारतंच: 'ए' दिल्यावर पुन्हा कापायचं कशाला? अठराव्या वर्षी मत देता येतं, मग अख्खा सिनेमा का बघता येऊ नये? वर्गात मी एवढंच सांगते की वय ठरवणं आणि काटछाट सुचवणं, दोन्ही अधिकार कायद्यानं एकाच मंडळाला, म्हणजे सेन्सॉर बोर्डाला, दिलेत. माझं मत तिथे सांगत नाही, इथे सांगते: वय सांगा, कारण सांगा, कात्री ठेवून द्या.